स्लाइडवरचा बहुरूपी

मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढली की ती प्लास्टिकच्या डबीतून पॅथॉलॉजीच्या टेबलावर येते. गाठ म्हटलं की बोराएवढा, लिंबाएवढा गोळा डोळ्यांसमोर येतो. डबीत मात्र असतात अडकित्त्याने कातरलेल्या सुपारीसारखे वाकडेतिकडे तुकडे, कडेला जळून तपकिरी झालेले, फॉर्मलिनच्या तळाशी बसलेले. सोबत एक फॉर्म. त्यावर नाव, वय आणि पुष्कळदा एवढंच: 'कॅन्सर ब्लॅडर', पुढे प्रश्नचिन्ह. या प्रश्नचिन्हाचं उत्तर बहुतेक वेळा दहा मिनिटांत मिळतं. त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो जास्त वेळ खातो: कॅन्सर आहे हे ठीक, पण कुठला?

घरच्यांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर म्हणजे पिशवीचा कॅन्सर, त्यात आणखी कुठला काय? त्यांचं फारसं चुकत नाही. आपल्याकडे दहापैकी नऊ वेळा हा कॅन्सर पिशवीच्या अस्तरातूनच उगवतो आणि त्याचं नाव एकच असतं, युरोथेलियल कार्सिनोमा. पण या अस्तराच्या पेशींना एक खोड आहे. बिघडल्या की त्या सोंगं घेतात. कधी त्वचेच्या पेशींसारख्या दिसू लागतात, कधी आतड्याच्या, कधी फुप्फुसातल्या एका विशिष्ट कॅन्सरसारख्या, कधी चक्क अस्थिमज्जेतल्या पेशींसारख्या. एक सोंग तर असं, की त्या साध्यासुध्या निरोगी पेशींचाच वेष घेऊन बसतात. पोलिसाच्या वेषात दारात आलेला बहुरूपी घरातलं पोर बरोबर ओळखतं, कारण ते टोपीकडे बघत नाही, पायातल्या चपलांकडे बघतं. सूक्ष्मदर्शकाखाली बसून आम्ही करतो ते जवळपास हेच.

ही सगळी सोंगं एकत्र मोजली तर ती तितकी दुर्मीळ नाहीत. स्नायूपर्यंत पोचलेल्या कॅन्सरांत तीन-चार रुग्णांमागे एकाच्या गाठीत असा काहीतरी भाग सापडतो. एकेक सोंग वेगळं काढलं तर मात्र ते विरळा असतं. जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्यातली काही सबंध कारकिर्दीत दोन-तीनदाच भेटतील. आणि जे क्वचित भेटतं, ते समोर असूनही नजरेत भरत नाही.

ओळख पटवायची तर आधी निरोगी भिंत डोळ्यांत बसलेली हवी. मूत्राशयाचं अस्तर पेशींच्या पाच-सात थरांचं असतं. सगळ्यात वरच्या पेशी पसरट आणि मोठ्या, खालच्या दोन-तीन पेशींवर छत्री धरावी तशा. त्यांना छत्री पेशीच म्हणतात. पिशवी भरली की हे थर ताणून पातळ होतात, रिकामी झाली की पुन्हा जाड. अस्तराखाली सैल ऊती, तिच्यात रक्तवाहिन्या आणि स्नायूचे काही विरळ, तुटक धागे. त्याच्याही खाली खरा स्नायू, डिट्रुसर. नाडा वळावा तसे त्याचे जाड जाड पेड असतात. लघवी बाहेर ढकलतो तो हाच. कॅन्सर अस्तरात आहे, सैल ऊतीत उतरला आहे की डिट्रुसरमध्ये घुसला आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. विरळ धाग्यांनाच कुणी डिट्रुसर समजलं, तर एखाद्याची पिशवी नाहक काढली जाईल. उलट चूक झाली तर पिशवी राहील आणि कॅन्सरही राहील.

तुकडे काढताना युरोलॉजिस्ट मूत्रमार्गातून दुर्बीण आत घालतो आणि तारेच्या लहानशा कड्यातून वीज सोडून गाठ थराथराने खरवडतो. या शस्त्रक्रियेला टीयूआरबीटी म्हणतात. आमच्या कामाचं अर्धं यश इथेच ठरतं, हे सर्जन मंडळींना सांगून मी थकलो आहे. वरवरचा, पाण्यात डुलणारा भाग काढून झाल्यावर गाठीच्या मुळाशी जाऊन एक खोल तुकडा घ्यायचा आणि तो वेगळ्या डबीत पाठवायचा. सगळं एकाच डबीत आलं की वर कोण होतं आणि खाली कोण, हे कळायला मार्ग राहत नाही. शिवाय विजेने तुकड्याच्या कडा होरपळतात. तिथल्या पेशी लांबट, काळपट, ओढल्यासारख्या दिसतात आणि त्यांवरून काहीही सांगणं धोक्याचं ठरतं. तुकडे फार बारीक काढले तर होरपळलेलाच भाग जास्त उरतो.

फॉर्मलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर या बेताने मुरतं, म्हणून घाई करून चालत नाही. मग तुकड्यांतलं पाणी काढून त्यांच्यात पॅराफिनचं मेण भरतात आणि मेणाचे चौकोनी ब्लॉक बनवतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्यांचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. रक्तातल्या तांबड्या पेशीच्या व्यासाच्या निम्म्याएवढी ही जाडी. काप काचेवर बसवून त्यांना दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलीन पेशीच्या केंद्रकाला निळं-जांभळं करतं, इओसिन बाकी सगळं गुलाबी. यातलं हिमॅटॉक्सिलीन आजही मेक्सिकोच्या युकातान भागातल्या एका झाडाच्या गाभ्यातून काढतात. जनुकं वाचण्याच्या काळातही जगातल्या कॅन्सरचं पहिलं निदान एका झाडाच्या रंगावर होतं, ही गोष्ट मला अजून गमतीची वाटते.

डबीतले किती तुकडे ब्लॉकमध्ये घालायचे? गाठ मोठी असली की डबीत मूठभर तुकडे येतात आणि सगळ्यांचे ब्लॉक करायचे म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही. तरी माझं मत ठाम आहे: शक्य तिथे सगळे घालावेत. सोंग घेतलेला भाग गाठीच्या पाच टक्क्यांतच असू शकतो, आणि तो नेमका न बघितलेल्या तुकड्यात राहिला तर पुढचे सगळे महागडे तपास व्यर्थ.

आता एकेक सोंग बघू. सगळ्यांवर सारखा वेळ घालवण्यात अर्थ नाही; काही लगेच पकडली जातात.

त्वचेचं सोंग त्यातलं. पेशी चपट्या होतात, एकमेकींना काट्यांसारख्या बारीक पुलांनी जोडलेल्या दिसतात आणि मधूनच केराटिनचे गुलाबी मोती तयार होतात. हे स्क्वॅमस रूप. ओळखायला सोपं, पण नाव द्यायला अवघड. सबंध गाठ अशीच असेल तरच तिला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणायचं. कुठेही नेहमीच्या युरोथेलियल कॅन्सरचा तुकडा दिसला, अगदी शेजारच्या अस्तरात दिसला, तरी नाव बदलतं आणि तो युरोथेलियलच ठरतो, स्क्वॅमस वळण घेतलेला. निव्वळ स्क्वॅमस गाठीवर नेहमीच्या केमोथेरपीचा प्रभाव कमी पडतो, तिथे शस्त्रक्रियेवरच मुख्य भिस्त असते. म्हणून 'निव्वळ' हा शब्द लिहिण्याआधी सगळे ब्लॉक पुन्हा चाळावे लागतात.

या रूपाचा मोठा इतिहास इजिप्तमध्ये आहे. 1851 मध्ये कैरोत थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टराला रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी सापडला. नाईलच्या पाण्यात उभं राहून शेती करणाऱ्यांच्या त्वचेतून तो शरीरात शिरायचा, त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसायची आणि वर्षानुवर्षांच्या दाहातून अस्तर त्वचेसारखं राठ होत जायचं. तिथे कित्येक दशकं मूत्राशयाचा कॅन्सर म्हणजे प्रामुख्याने स्क्वॅमस कॅन्सर होता. कृमीवर नियंत्रण आलं तशी युरोथेलियल प्रकाराने त्याला मागे टाकलं. भारतात हा रोग नाही असंच पाठ्यपुस्तकं सांगत. पण 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या लोकांची नोंद केली, आणि लघवीतल्या कृमींच्या अंड्यांनी गुहागर तालुक्यातलं हे लहानसं गाव जगाच्या परोपजीवीशास्त्रात जाऊन बसलं. हा कृमी ओढ्यातल्या एका इवल्याशा गोगलगाईत वाढत असावा, असा संशय घेतला गेला. आज आपल्याकडे स्क्वॅमस रूप दिसलं तर कारण बहुधा वेगळं असतं: वर्षानुवर्षं ठेवलेली लघवीची नळी, किंवा पिशवीत साचलेले खडे. तरी रुग्ण इजिप्त, सुदान किंवा येमेनमध्ये काम करून आला आहे का, हे विचारावं. फॉर्मवर ते कुणी लिहीत नाही.

आतड्याचं सोंग जरा फसवं. पेशी ग्रंथी बनवतात, चिकट स्राव सोडतात, आणि स्लाइड थेट मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसारखी दिसते. इथे तीन शक्यता: मूत्राशयातूनच उगवलेला, आतड्यातून भिंत भेदून आलेला, किंवा युरेकसमधला. गर्भात बेंबीपासून पिशवीच्या शेंड्यापर्यंत एक नळी असते. जन्मापर्यंत ती बुजते आणि तिची दोरी होते. त्या दोरीत उरलेल्या पेशींतून गाठ उगवली तर तिला युरेकल कार्सिनोमा म्हणतात. तीनही स्लाइडवर भावंडांसारख्या. एखादं रंगद्रव्य थोडा कौल देतं, पण खरं उत्तर काचेवर नसतं. गाठ पिशवीच्या शेंड्यावर आहे की बुडाशी, सीटी स्कॅनमध्ये ती बेंबीच्या दिशेने वर सरकते का, कोलोनोस्कोपीत आतडं स्वच्छ आहे का, हे कळल्याशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही. युरेकल ठरली तर सर्जन बहुधा पिशवीचा फक्त शेंडा काढतो, वरची दोरी काढतो आणि तिच्यासोबत रुग्णाची बेंबीसुद्धा. ऑपरेशननंतर पोटाला बेंबीच नाही, हे बघून दचकलेल्या माणसाला आधी कुणीतरी ही नळीची गोष्ट सांगायला हवी होती, असं वाटतं.

आता निरोगी पेशींचं सोंग. मूत्राशयाच्या अस्तरातून निरोगी माणसातही पेशींचे लहान गोल पुंजके खाली सैल ऊतीत उतरलेले असतात. त्यांना फॉन ब्रुन यांचे पुंजके म्हणतात आणि ते अगदी निरुपद्रवी. नेस्टेड नावाचा उपप्रकार नेमके असेच पुंजके बनवतो. पेशी नीटनेटक्या, केंद्रकं शांत, विभाजन क्वचित. कॅन्सर म्हणजे पेशींचा दंगा, अशी जी प्रतिमा विद्यार्थ्याच्या मनात असते, तिला इथे काहीच जागा नाही. 1989 मध्ये टॅलबर्ट आणि यंग यांनी अशा गाठींवर लेख लिहिला तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'फसवेपणाने सौम्य दिसणारे' असा शब्दप्रयोग होता. तरी हा कॅन्सर स्नायूत उतरतो, लसिकाग्रंथीत जातो.

त्याला पकडायचं कसं? पेशींचे चेहरे बघून नाही. त्या काहीच सांगत नाहीत. पुंजक्यांची मांडणी बघायची. निरोगी पुंजके अस्तराखाली एका पातळीत थांबतात, त्यांची खालची सीमा सरळ रेषेत येते आणि ते एकमेकांपासून अंतर राखून असतात. नेस्टेडमध्ये पुंजके दाटीवाटीने येतात, आकार वेडेवाकडे होतात आणि खालची सीमा दातेरी होऊन कुठेतरी बोट खाली घुसतं. कधीकधी सगळ्यात खोल भागातच केंद्रकं थोडी मोठी दिसतात. आणि पुंजका डिट्रुसरच्या पेडांमध्ये दिसला की वाद मिटला. निरोगी पेशींना तिथे काही काम नसतं. मघाशी खोल तुकड्यासाठी सर्जनशी भांडण काढलं ते यासाठी. वरवरच्या बायोप्सीत नेस्टेड आणि निरोगी यांत फरक करणं कधीकधी अशक्य असतं. अशा वेळी हल्ली एका जनुकाची मदत मिळते: टर्ट नावाच्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागातला एक ठरावीक बदल. युरोथेलियल कॅन्सरांत तो मोठ्या प्रमाणात आढळतो, नेस्टेडमध्येही, आणि साध्या पुंजक्यांत आढळत नाही.

याच्या उलटंही घडतं, साव असून चोरासारखं दिसणं. नेफ्रोजेनिक अडिनोमा नावाची एक निरुपद्रवी वाढ पिशवीत दिसते, विशेषतः जिथे पूर्वी शस्त्रक्रिया किंवा जखम झाली असेल तिथे. बारीक नळ्या, त्यांच्या भोवती दाह. घाईत बघणारा तिला कॅन्सर म्हणून मोकळा होईल. ही वाढ येते कुठून, याचा उलगडा 2002 मध्ये एका सुंदर निरीक्षणाने झाला. पुरुष दात्याचं मूत्रपिंड बसवलेल्या काही स्त्रियांच्या मूत्राशयात अशी वाढ होती, आणि तिच्या पेशींत वाय गुणसूत्र निघालं. म्हणजे त्या पेशी त्या स्त्रीच्या नव्हत्याच. बसवलेल्या मूत्रपिंडातून गळून, लघवीबरोबर वाहत येऊन जखमेत रुजल्या होत्या. मूत्रपिंडाच्या पेशी ओळखणारं पॅक्स-8 हे रंगद्रव्य इथे उपयोगी पडतं, पण क्लिअर सेल अडिनोकार्सिनोमा हा खरा कॅन्सरही त्याला तसाच रंगतो. या धंद्यात कुठलीच किल्ली एकाच कुलपाची नसते.

मायक्रोपॅपिलरी रूप 1994 मध्ये अमीन आणि सहकाऱ्यांनी 18 रुग्णांवरून वर्णन केलं. पेशींचे छोटे गट रिकाम्या पोकळ्यांत बसलेले दिसतात, जणू आप्पेपात्राच्या खळग्यांत आप्पे. पण काप तयार होताना ऊती आकसते आणि साध्या कॅन्सरभोवतीही अशा पोकळ्या पडतात, म्हणून नुसत्या खळग्यांवर विसंबता येत नाही. 2010 मध्ये मूत्रमार्गाच्या विकृतींतल्याच 14 तज्ज्ञांना त्याच त्या गाठी दाखवल्या तर त्यांच्यातही एकमत मध्यमच निघालं. त्या अभ्यासातून सगळ्यात कामाची खूण हाती आली ती अशी: एकाच खळग्यात एकाहून अधिक आप्पे. साध्या आकसलेल्या कॅन्सरमध्ये सहसा एका पोकळीत एकच गट असतो. दुसरी खूण म्हणजे केंद्रकं गटाच्या बाहेरच्या कडेला सरकलेली, पाठ आत करून बसल्यासारखी.

हे नाव रिपोर्टात लिहिताना हात जरा थांबतो, कारण त्याचा परिणाम मोठा आहे. कॅन्सर स्नायूत गेलेला नसेल तर पुष्कळदा पिशवीत बीसीजी सोडतात. क्षयाच्या लशीतला तोच जिवाणू, इथे प्रतिकारशक्तीला डिवचायला वापरलेला. मायक्रोपॅपिलरी रूप मात्र लवकर लसिकावाहिन्यांत शिरतं आणि बीसीजीवर भरवसा ठेवता येत नाही असा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून काही केंद्रांत स्नायूपर्यंत न पोचलेल्या रोगातही पिशवी लवकर काढण्याचा सल्ला देतात, काही ठिकाणी निवडक रुग्णांत थांबतात. स्लाइडवरचा एक शब्द, आणि एका माणसाने पुढचं आयुष्य पोटावरच्या पिशवीत लघवी साठवायची की नाही, हे त्याला टांगलेलं.

प्लाझ्मासायटॉइड या रूपाशी माझी ओळख एका चुकीतून झाली. शिकाऊ दिवसांत मला एका स्लाइडवर ढिगाने प्लाझ्मा पेशी दिसल्या: एका बाजूला सरकलेलं गोल केंद्रक, भोवती गुलाबी-जांभळा पसारा. जुन्या दाहात या पेशी जमतातच. 'जुनाट सूज' असा मसुदा लिहून मी मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी स्लाइड बघितली, खुर्ची मागे सारली आणि विचारलं, "या प्लाझ्मा पेशी स्नायूच्या पेडांमधून रांगेने कुठे निघाल्यात? वारीला?" मग केराटिनचं रंगद्रव्य लावलं आणि त्या रांगेतल्या सगळ्या पेशी तपकिरी झाल्या. केराटिन हे अस्तराच्या पेशींचं प्रथिन. खऱ्या प्लाझ्मा पेशीत ते नसतं.

ही तपासणी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, तोंडी आयएचसी. एखाद्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं कापावर सोडतात, आणि जिथे ती चिकटतील तिथे तपकिरी रंग उमटेल अशी रासायनिक व्यवस्था करतात. ऐकायला हे न्यायाधीशासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो एक साक्षीदार असतो, आणि साक्षीदार फुटतात. प्लाझ्मासायटॉइडमध्ये सीडी-138 नावाचं रंगद्रव्य उमटतं, जे खऱ्या प्लाझ्मा पेशीतही उमटतं. तेवढंच एक लावलं तर रिपोर्ट रक्ताच्या कॅन्सरचा जाईल. हा प्रकार 1991 मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला तेव्हा रुग्ण मल्टिपल मायलोमासारखं चित्र घेऊनच आला होता. म्हणून रंगद्रव्यं जोडीजोडीने, एकमेकांना खोडून काढतील अशी निवडावी लागतात. गाटा-3 हे मूत्राशयाच्या अस्तराचं आवडतं रंगद्रव्य, पण ते स्तनाच्या कॅन्सरमध्येही येतं. आणि स्तनाचा लोब्युलर कॅन्सर अशाच सुट्या पेशींच्या रांगा काढतो. रुग्ण स्त्री असेल तर स्तनाची तपासणी झाली का, हे विचारायलाच हवं. युरोप्लाकिन हे अधिक खास, पण प्रत्येक गाठीत उमटेलच असं नाही. ब्लॉकमधली ऊतीही बेताची असते. दहा रंग लावून बघू म्हटलं तर सातव्या रंगाला तुकडाच संपलेला असतो.

या पेशी सुट्या का होतात, हे 2016 मध्ये स्पष्ट झालं. त्यांच्यात सीडीएच-1 हे जनुक मोडलेलं असतं; तपासलेल्या गाठींपैकी 84 टक्क्यांत ते तसं सापडलं. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन त्या जनुकातून बनतं. बुंदी पाडली पण पाक बिघडला, तर लाडू वळत नाहीत आणि दाणे परातभर पसरतात, तसंच हे. म्हणूनच दुर्बिणीतून बघताना मोठी गाठ कधीकधी दिसतच नाही, नुसती भिंत जाड आणि ताठ लागते. पेशी पोटाच्या पडद्यावर, मूत्रवाहिनीच्या बाजूने अशा वाटांनी पसरतात, ज्या स्कॅनला सहज दिसत नाहीत. पिशवी काढताना सर्जन कडा स्वच्छ समजून टाके घालतो आणि चार दिवसांनी आमचा रिपोर्ट जातो की कडेत पेशी आहेत. निदान आधीच झालं असेल तर तो ऑपरेशन चालू असतानाच मूत्रवाहिनीच्या टोकाचा तुकडा गोठवून तपासायला पाठवतो.

स्मॉल सेल रूपावर थोडक्यात. फुप्फुसातल्या त्याच नावाच्या कॅन्सरसारखंच: लहान, काळ्याभोर, एकमेकींत दबलेल्या पेशी, हाताळल्या की शाई फासल्यासारख्या पुसट होणाऱ्या. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, इन्सम-1 ही रंगद्रव्यं मदतीला येतात. इथे मात्र वेळ घालवायचा नाही. गाठीत हा भाग थोडा जरी असला तरी डॉक्टर बहुधा आधी केमोथेरपी देतात, तीही वेगळ्या औषधांची, आणि नंतर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. पॅथॉलॉजिस्टने रिपोर्टची वाट न बघता फोन उचलावा अशी जी काही मोजकी निदानं आहेत, त्यात हे एक.

सार्कोमॅटॉइड रूपात पेशी लांबट, मासोळीसारख्या होतात. घोटाळा होतो तो अशासाठी, की शस्त्रक्रियेनंतर भरून येणारी जखमही अशाच लांबट पेशींची गाठ बनवते. मूत्राशयात तर इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर या बऱ्याचशा सौम्य वाढीत केराटिनसुद्धा उमटतं, म्हणजे आमचा विश्वासू साक्षीदारही इथे उलटतो. तेव्हा आल्क हे रंगद्रव्य लावायचं. आणि त्याआधी फॉर्म उलटून बघायचं, तीन महिन्यांपूर्वी तिथेच दुर्बीण घातली होती का.

हे सगळं झाल्यावर रिपोर्टात उमटते ती एक ओळ: 'युरोथेलियल कार्सिनोमा, हाय ग्रेड, प्लाझ्मासायटॉइड उपप्रकारासह, सुमारे 40 टक्के, डिट्रुसर स्नायू आहे आणि त्यात शिरकाव आहे.' जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या वर्गीकरणात यासाठी 'व्हेरियंट' ऐवजी 'सबटाइप' हा शब्द घेतला, कारण व्हेरियंट म्हटलं की हल्ली लोकांना जनुकातला बदल आठवतो. टक्केवारीबद्दल रुग्णाने एवढं जाणावं की ती पाठवलेल्या तुकड्यांपुरती असते. पुढे सबंध पिशवी निघाली की आकडा बदलतो, कधी टीयूआरबीटीत न दिसलेला उपप्रकार तिथे निघतो. 'डिट्रुसर स्नायू तुकड्यात नाही' असं लिहून आलं तर बहुधा दुर्बीण पुन्हा घालावी लागते. तो कुणाचा आळस नसतो.

दुसरं मत घेणं या आजारात मुळीच अपमानाचं नाही. परळला टाटा मेमोरियलच्या आवारात रुग्णाच्या मुलाच्या हातातली कापडी पिशवी पाहावी: फाइल, सीटीच्या फिल्म आणि तळाशी रुमालात गुंडाळलेले मेणाचे ब्लॉक. घरून निघतानाच ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्यावेत. नुसत्या स्लाइडवर नवे रंग लावता येत नाहीत. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत, मेण वितळतं. आणि काम झालं की परत आणून पहिल्या प्रयोगशाळेत जमा करावेत किंवा फाइलबरोबर नीट जपावेत.

समजा, पिशवी काढून दोन वर्षं झालेला एखादा माणूस पोट फुगतं, जेवण जात नाही म्हणून वेगळ्याच गावी, पोटाच्या डॉक्टरांकडे जातो. एंडोस्कोपी होते, जठराच्या भिंतीतून तुकडा येतो. काचेवर सुट्या पेशी, केंद्रक एका कडेला सरकलेलं. जठराच्या एका नेहमीच्या कॅन्सरचं हे हुबेहूब चित्र, आणि तिथल्या पॅथॉलॉजिस्टच्या बोटांखाली त्याचं नाव टाइप होऊ लागलेलं असतं. तेवढ्यात फॉर्मच्या कोपऱ्यात कुणीतरी बॉलपेनने लिहिलेली ओळ दिसते: 'दोन वर्षांपूर्वी मूत्राशय काढले.' तो टायपिंग थांबवतो, गाटा-3 आणि युरोप्लाकिनची मागणी लिहितो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला बोलावून विचारतो, "वडिलांचे जुने ब्लॉक घरी आहेत का?"